एक युनिट विजेचा कोळसा जातो कुठे?

हजार वॅटची इस्त्री तासभर चालली की मीटरवर एक युनिट पडतं. ती वीज कोळशाच्या केंद्रातून आली असेल, तर त्यासाठी कुठेतरी साधारण अर्धा किलो कोळसा जळालेला असतो. कोळसा उत्तम असेल तर चारशे ग्रॅम, दगडमातीने भरलेला असेल तर सातशेपर्यंत. जळाला म्हणजे संपला, असं आपण धरून चालतो. पण त्यातलं काहीच संपत नाही. ते पुढे कुठे कुठे जातं, तेच इथे सांगायचं आहे.

भट्टीत कोळशाची ढेकळं टाकत नाहीत. आधी तो गिरणीत दळतात, इतका बारीक की बहुतेक कण ७५ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चाळणीतून खाली पडावेत. ही पूड गरम हवेच्या झोताने भट्टीत फुंकली की दोन-तीन सेकंदांत जळून जाते. तिच्या आचेवर पाण्याची वाफ होते, वाफ टर्बाइन फिरवते, आणि काम झालेल्या वाफेला थंड करून पुन्हा पाणी करतात. सगळ्यात मोठी गळती इथे होते. कोळशातल्या उष्णतेपैकी जेमतेम ३३ ते ४५ टक्के विजेत उतरते. उरलेली बहुतेक थंड करणाऱ्या पाण्यातून नदीत, समुद्रात किंवा हवेत जाते. कमरेत बारीक असलेल्या त्या अवाढव्य मनोऱ्यांचे फोटो ‘प्रदूषणाचा धूर’ म्हणून सर्रास छापले जातात, पण त्यांच्यावरचे पांढरे लोट हे नुसतं पाणी असतं. धूर निघतो शेजारच्या उंच, सडपातळ चिमणीतून, आणि चांगल्या केंद्रात तो डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही.

त्या न दिसणाऱ्या धुरात गंधक आहे. तो कोळशात मुळातच असतो, काही लोहाशी जखडलेला, काही कार्बनच्या रेणूंत गुंफलेला. जळताना त्याचा सल्फर डायऑक्साइड होतो. विसाव्या शतकाच्या मध्यावर यावर निघालेला तोडगा म्हणजे चिमणी उंच करणे. कझाकस्तानात एकिबास्तुझ इथल्या केंद्राची चिमणी तर सुमारे ४२० मीटर उंच आहे. आसपासच्या गावांची हवा सुधारली खरी, पण वायू काही दिवस वाऱ्यावर राहिला, आम्ल बनला आणि दूर जाऊन पावसातून उतरला. ब्रिटन आणि मध्य युरोपातल्या चिमण्यांमुळे नॉर्वे-स्वीडनच्या तळ्यांतले मासे मेले. अखेर १९७९ साली जिनिव्हात, हद्द ओलांडणाऱ्या हवेच्या प्रदूषणावर आंतरराष्ट्रीय करार करावा लागला. आज हाच वायू चुनखडीच्या पाण्याने धुऊन काढता येतो आणि त्यातून जिप्सम मिळतं. ही यंत्रणा खर्चिक आहे, थोडी वीजही खाते. पण न धुतलेल्या वायूपासून हवेत सल्फेटचे जे सूक्ष्म कण तयार होतात, ते फुप्फुसांत खोलवर जातात. तो खर्च मग कोणीतरी दवाखान्यात भरतच असतो.

आता राख. माझ्या मते कोळशाच्या गोष्टीत हिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जातं. कोळशाच्या वजनात खनिजांचा वाटा दहापासून चाळीस टक्क्यांपर्यंत असू शकतो, आणि ती जळत नाहीत, वितळतात. भट्टीच्या झोतात त्यांचे काचेसारखे इवले गोल थेंब होतात आणि तसेच गोठतात. काही गोळे आतून पोकळ असतात, पाण्यावर तरंगतात. जड राख तळाशी पडते. बाकीची, म्हणजे साधारण चार पंचमांश, धुराबरोबर उडते. ती पकडायला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रसायनतज्ज्ञ फ्रेडरिक कॉट्रेल यांनी कॅलिफोर्नियात उभारलेली युक्ती अजून वापरात आहे: धूर उच्च दाबाच्या विद्युतभारित तारांमधून न्यायचा, कणांवर भार चढवायचा आणि त्यांना धातूच्या पत्र्यांकडे खेचायचं. पत्रे ठोकले की राख खाली. नीट चालवलं तर ९९ टक्क्यांहून जास्त राख अडते.

पण अडवलेली राख ठेवायची कुठे? पाचशे मेगावॉटचा एक संच पूर्ण क्षमतेने दिवसाला सहा हजार टनांच्या आसपास कोळसा खातो. वीस टक्के राख धरली, तरी रोज बाराशे टन. वर्षानुवर्षं ती पाण्यात कालवून तलावांत सोडली गेली. कोळशात तुरळक असलेले आर्सेनिक, सेलेनियम, शिसं यांचं प्रमाण राखेत वाढलेलं असतं, कारण त्यांच्याभोवतीचा कार्बन उडून गेलेला असतो. तळाला अस्तर नसेल तर ते झिरपून भूजलात उतरतात. २२ डिसेंबर २००८ रोजी अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या किंग्स्टन केंद्राचा राखेचा बांध फुटला. सुमारे ४० लाख घनमीटर चिखल एमरी नदीत आणि आसपासच्या शेकडो एकरांवर पसरला. त्यातली बरीच राख एके काळी धुरातून वेगळी काढलेली होती. हवा वाचली, पण तीच राख नदीच्या वाट्याला आली.

हिला चांगली वाटही आहे. सिमेंट भिजताना सुटणाऱ्या चुन्याशी उडत्या राखेचा संयोग होतो आणि काँक्रीट कालांतराने अधिक घट्ट होतं. अमेरिकेच्या मोंटाना राज्यातलं हंग्री हॉर्स धरण १९५३ साली पूर्ण झालं, त्यात ती वापरलेली आहे. ओल्या तलावात टाकण्याआधी कोरडी उचलली, तर राख खरोखर माल आहे.

कोळशातला पारा मात्र फार काळ राखेत थांबत नाही. भट्टीत त्याची वाफ होते आणि त्यातला काही भाग गाळण्यांतून निसटून, हवेतून पाण्यात उतरून माशांपर्यंत पोहोचतो.

आणि कार्बन. त्याचा एक अणू हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू उचलतो, म्हणून १२ ग्रॅमचे ४४ ग्रॅम होतात. आपल्या एका युनिटमागे जवळजवळ एक किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, जाळलेल्या कोळशाहूनही वजनदार. नेहमीच्या तापमानाला तो पाचशे लिटरची टाकी भरेल. राखेसारखा तो पत्र्यावर चिकटत नाही, आणि धुऊन काढायचा तर त्याचा ढीग कोळशाच्या ढिगाहून मोठा होतो. कॅनडातल्या बाउंडरी डॅम केंद्राच्या एका संचात २०१४ पासून तो अमाइन नावाच्या रसायनाच्या द्रावणात पकडतात, पण द्रावणातून तो पुन्हा सोडवायला केंद्राचीच बरीच वाफ लागते.

लंडनमध्ये हॉलबर्न व्हायाडक्ट इथे १८८२ साली कोळशावर वीज बनू लागली. ब्रिटनचं शेवटचं कोळसा केंद्र, रॅटक्लिफ-ऑन-सोर, ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झालं. हॉलबर्नच्या चिमणीतून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडचा बराचसा भाग समुद्राने आणि झाडांनी शोषला. काही हिस्सा अजून हवेतच आहे.