पार्श्वभूमी : मनाचा आजार, गोळी आणि प्राणायाम

कोल्हापुरात मनाच्या आजाराची गोष्ट गादीपासून सुरू होते. चौथे शिवाजी महाराज, जन्म 1863चा, दत्तक आलेले. इंग्रजांनी त्यांना वेडसर ठरवून नजरकैदेत ठेवलं. दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर महाराजांच्या छळाचे आरोप करणारा मजकूर ‘केसरी’ आणि ‘मराठा’त आला, खटला झाला आणि 1882 मध्ये टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस राहिले. पुढच्याच वर्षी, 25 डिसेंबरला, अहमदनगरच्या किल्ल्यात गोऱ्या पहारेकऱ्याशी झटापट होऊन महाराजांचा अंत झाला. वय अवघं वीस.

महाराज खरंच आजारी होते का, यावर अजून वाद होतात. मला अस्वस्थ करतं ते वेगळंच. त्या काळी डॉक्टरचं मत आणि साहेबाची सही एवढ्यावर माणूस कोंडला जाई. उपचार म्हणावं असं हाती फारसं काही नव्हतंच. प्रत्यक्ष गादीवरच्या माणसाची ही गत, तर गावाकडच्या एखाद्या बाईची काय झाली असेल?

औषध यायला पुढची सत्तर वर्षं गेली. त्यातला एक धागा आपल्या मातीतला आहे. सर्पगंधेच्या मुळीचा वेडावर आणि रक्तदाबावर उपयोग होतो, असं 1931 मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं. 1952 मध्ये त्यातून रेसरपिन हे औषधी द्रव्य वेगळं काढलं गेलं. त्याच वर्षी पॅरिसमध्ये क्लोरप्रोमाझिन हे दुसरं औषध मनोरुग्णांना देऊन पाहिलं गेलं आणि तेच पुढे टिकलं. रेसरपिनने काहींना औदासीन्य (डिप्रेशन) येऊ लागलं, म्हणून ते मागे पडलं. मुळी आपली असली तरी तपासणीतून तिची सुटका नव्हती, आणि ते योग्यच झालं.

योगाला हीच शिस्त आधी लावली ती लोणावळ्यात. स्वामी कुवलयानंदांनी 1924 मध्ये कैवल्यधाम काढलं. उड्डियान, नौली या पोटाच्या योगक्रिया करताना शरीरात काय घडतं, हे त्यांनी एक्सरे आणि दाबमापक लावून पाहिलं. मनोविकारांवरच्या चाचण्या मात्र बऱ्याच नंतर, मुख्यतः बंगळूरच्या निम्हान्स या मनोविकारांच्या संस्थेत झाल्या. 2000 साली छापलेल्या एका अभ्यासात तीव्र औदासीन्याचे 45 रुग्ण तीन गटांत वाटले होते : विजेचा शॉक, औदासीन्यावरची इमिप्रामिनची गोळी आणि सुदर्शन क्रिया ही श्वसनाची पद्धत. चार आठवड्यांनी लक्षणं ओसरलेल्यांचं प्रमाण अनुक्रमे 93, 73 आणि 67 टक्के होतं. श्वसनक्रिया गोळीच्या जवळ पोचली, शॉक पुढे राहिला. पण एका गटात माणसं पंधराच, हे विसरून चालत नाही.

2007चा स्किझोफ्रेनियावरचा (भास-भ्रम होणाऱ्या मनोविकारावरचा) अभ्यास मला जास्त मोलाचा वाटतो. त्यात 61 रुग्ण होते. एका गटाला योगासनं, दुसऱ्याला साधा व्यायाम. चार महिन्यांनी योगाचा गट पुढे निघाला. आणि दोन्हीकडे गोळ्या चालूच होत्या! ‘प्राणायाम सुरू केलाय, आता गोळी कशाला’ असं म्हणून औषध थांबवलेली घरं मी इथेच पाहिली आहेत. त्या घरांना हा तपशील कुणी सांगितलेला नसतो.

अशा चाचणीची एक अडचण सुटत नाही. गोळीच्या जागी खोटी गोळी देता येते, खोटं आसन कसं देणार? रुग्णाला आपण काय करतोय ते कळतंच. म्हणून निदान त्याची लक्षणं मोजणाऱ्याला तरी तो कुठल्या गटातला, हे कळू देत नाहीत.