हायड्रोजन सोपा, हवा अवघड

ताशी ४८७ किलोमीटर वेगाने पळालेल्या गाडीच्या पोटात बर्फाचं पाणी भरलेलं होतं, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं छपाईची चूक असणार. पण खरंच होतं ते. सप्टेंबर २००९, अमेरिकेतल्या युटा राज्यातलं बॉनव्हिलचं मिठाचं पठार, आणि ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या पोरांनी बनवलेली ‘बकाय बुलेट २’ नावाची लांबलचक काडीसारखी गाडी. रेकॉर्डचा नियम असा की एका दिशेने पळायचं, मग तासाभराच्या आत उलट्या दिशेने पळायचं आणि दोन्हीची सरासरी धरायची, म्हणजे वाऱ्याचा फायदा कोणाला मिळत नाही. सरासरी निघाली ३०२.८७७ मैल, म्हणजे वर सांगितलेले ४८७ किमी. इंजिन नव्हतंच. पॉवर होती बसमध्ये बसवतात त्या जातीच्या हायड्रोजन फ्युएल सेलची.

आणि गंमत म्हणजे गाडीत हवाही बाहेरून घेतलेली नव्हती. हेलियम आणि ऑक्सिजनचं मिश्रण सिलिंडरमध्ये भरून बरोबर नेलं होतं, साठ टक्के हेलियम, चाळीस टक्के ऑक्सिजन. म्हणजे थंड ठेवायला बर्फ असल्यामुळे रेडिएटर नाही, गॅस बरोबर असल्यामुळे हवा आत घ्यायचं तोंड नाही, गाडी पुढून पूर्ण गुळगुळीत.

हे दोन उपाय मला फार आवडतात, कारण हायड्रोजन गाडी म्हटलं की आपण सगळे हायड्रोजनबद्दलच बोलतो, स्फोट होईल का, टाकी फुटेल का, गॅस कुठून आणायचा वगैरे. पण ज्या पोरांनी अशी गाडी प्रत्यक्ष हाताने बनवलीय त्यांचा जास्त घाम हायड्रोजनपेक्षा हवा, पाणी आणि उष्णता या तीन गोष्टींवर जातो. असं का होतं ते समजून घ्यायला आधी फ्युएल सेलच्या आत डोकवावं लागेल.

फ्युएल सेलमध्ये काही जळत नाही. मधे एक पातळ प्लॅस्टिकसारखा पडदा असतो, त्याला मेम्ब्रेन म्हणतात, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना प्लॅटिनमचा बारीक थर. एका बाजूने हायड्रोजन येतो, प्लॅटिनमपाशी त्याचे दोन भाग होतात, प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन. पडद्याचा नियम असा की प्रोटॉनला आतून जाऊ द्यायचं, इलेक्ट्रॉनला नाही. मग इलेक्ट्रॉन बिचारा बाहेरच्या वायरने मोठा वळसा घालून पलीकडे जातो आणि जाता जाता मोटर फिरवतो, तोच आपला करंट. पलीकडे प्रोटॉन, इलेक्ट्रॉन आणि हवेतला ऑक्सिजन भेटले की पाणी. झालं. ही आयडिया नवी अजिबात नाही, विल्यम ग्रोव्ह नावाच्या वेल्श माणसाने १८३९ च्या सुमारास असं गॅसवर चालणारं सेल करून दाखवलं होतं, म्हणजे पेट्रोल गाडीच्या कितीतरी आधी.

कागदावर एका सेलमधून १.२३ व्होल्ट मिळायला हवेत, पण गाडी जोरात पळवत असताना मिळतात ०.६ ते ०.७. उरलेलं कुठे गेलं? उष्णतेत. म्हणजे साधारण निम्मी वीज, निम्मी ऊब. एवढ्याशा व्होल्टेजवर गाडी चालत नाही म्हणून शेकडो सेल एकावर एक रचतात, पापडाची चळत असते ना तशी, आणि त्याला स्टॅक म्हणतात.

आता हवा. एक किलो हायड्रोजनला आठ किलो ऑक्सिजन लागतो, हे आठवी-नववीचं केमिस्ट्री. पण ऑक्सिजन हवेत आकारमानाने एकवीस आणि वजनाने तेवीस टक्केच, त्यामुळे हवा लागते सुमारे ३५ किलो, आणि प्रत्यक्षात सेलच्या कानाकोपऱ्यात ऑक्सिजन पोचावा म्हणून त्याच्या दुपटीच्या आसपास हवा ढकलावी लागते. एक किलो गॅससाठी सत्तर किलो हवा! ही ढकलायला कॉम्प्रेसर लागतो, तो चालतो स्टॅकच्याच विजेवर आणि तयार झालेल्या पॉवरचा दहावा हिस्सा किंवा त्याहून जास्त तोच खाऊन टाकतो. वर कॉम्प्रेसरला वेग पकडायला वेळ लागतो, म्हणजे ड्रायव्हरने ॲक्सिलरेटर दाबला तरी हवा येईपर्यंत स्टॅक वाट बघत बसणार. बकाय बुलेटवाल्यांनी हवेपेक्षा जवळजवळ दुप्पट ऑक्सिजनवाला गॅस भरून नेला तो ही कटकट नको म्हणूनच. त्यांची धाव काही मिनिटांची, त्यांना परवडलं. तासभराच्या रेसमध्ये हे कोण करणार?

पाण्याचं तर विचारूच नका. मेम्ब्रेन ओलसर असेल तरच प्रोटॉन त्यातून जातात, कोरडं पडलं की रेझिस्टन्स वाढतो आणि हळूहळू ते खराब होतं. पण पाणी जास्त झालं तर बारीक वाटा तुंबतात आणि ऑक्सिजन आत पोचत नाही. आणि पाणी तर आतच तयार होत राहतं, एका किलो हायड्रोजनमागे नऊ किलो! भाकरीच्या पिठासारखं आहे हे, थोडं कमी पडलं तरी तुटते आणि थोडं जास्त झालं तरी हाताला चिकटते, फरक इतकाच की इथे गाडी वळणावर असताना, ब्रेक मारताना, वेग घेताना प्रत्येक सेकंदाला पिठाचं प्रमाण बदलत असतं.

आणि उष्णता, जिच्यासाठी बर्फ नेला होता. पेट्रोल इंजिन काही कमी गरम होत नाही, उलट जास्तच, पण त्याची बरीचशी उष्णता सायलेन्सरमधून निघून जाते आणि उरलेल्या उष्णतेसाठी रेडिएटरमधलं पाणी शंभर डिग्रीच्या आसपास असतं. गरम वस्तू आणि बाहेरची हवा यांच्यात फरक जितका जास्त तितकी उष्णता पटकन जाते, दुधाचं पातेलं आधी झपाट्याने निवतं आणि मग कोमट झाल्यावर तासभर तसंच राहतं, तेच. फ्युएल सेल चालतं ६० ते ८० डिग्रीवर, त्याच्या एक्झॉस्टमधून फारशी उष्णता जात नाही, म्हणजे १०० किलोवॉट वीज काढली की जवळपास तेवढीच उष्णता रेडिएटरनेच बाहेर टाकायची आणि तीसुद्धा कमी फरकावर. मग रेडिएटर मोठा लागतो, मोठा रेडिएटर म्हणजे पुढून जास्त वारा अडणार, वारा अडला की जास्त पॉवर लागणार, जास्त पॉवर म्हणजे जास्त उष्णता. घ्या!

कॉलेजात असताना आमच्या टीमने पीथमपूरच्या बाहा, म्हणजे कॉलेजांच्या ऑफ-रोड गाड्यांच्या, स्पर्धेसाठी बग्गी केली होती. इंजिन तयार मिळायचं, वाऱ्यावर थंड होणारं, त्याला हात लावायची परवानगीच नव्हती आणि आमचं सगळं सेमिस्टर वेल्डिंग आणि सस्पेन्शनमध्ये गेलं. थंड कसं ठेवायचं हा प्रश्न चार महिन्यांत एकदाही कोणाच्या डोक्यात आला नाही. त्यामुळे ही पोरं काय करतात ते बघून जरा लाजच वाटते.

नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट टेक्निकल युनिव्हर्सिटीची ‘फोर्झ’ टीम यात सगळ्यात चिवट. २००७ ला सुरुवात, तीही गो-कार्टपासून. पुढे एकेक गाडी मोठी होत गेली, नावंही सरळ, फोर्झ सहा, सात, आठ. तिथले बरेच विद्यार्थी शिक्षण वर्षभर बाजूला ठेवून पूर्ण वेळ याच कामाला लागतात. घरच्यांना हे कसं पटवत असतील कोण जाणे, आपल्याकडे एक वर्ष ड्रॉप म्हटलं की आधी मामाचा फोन येतो. ऑगस्ट २०१७ मध्ये ॲसनच्या ट्रॅकवर त्यांची हायड्रोजन गाडी पेट्रोल गाड्यांबरोबर अधिकृत रेसमध्ये उतरली, आणि २०१९ ला त्याच ट्रॅकवर पुढच्या गाडीने आपल्या गटात दुसरा नंबर काढला. पेट्रोल गाड्यांमध्ये, लक्षात घ्या, वेगळ्या ‘हायड्रोजन वर्गात’ नाही.

२०२२ मध्ये आणलेली फोर्झ नऊ बघा. फ्युएल सेल सिस्टिम दोन, दोन्ही मिळून सतत मिळणारी पॉवर २४० किलोवॉट, पण गाडीची जास्तीत जास्त पॉवर ६००. वरचे ३६० कुठून आले? बॅटरीसारख्या साठवणीतून, तिला ते ॲक्युम्युलेटर म्हणतात. ही इथली खरी युक्ती आहे आणि हवेची अडचण इथे बऱ्यापैकी सुटते. रेस ट्रॅकवर गाडीला पूर्ण जोर लागतो तो वळणातून बाहेर पडताना काही सेकंद, मग पुढचं वळण आलं की ब्रेक. ब्रेक मारताना मोटर उलट जनरेटर होते आणि साठवण भरते. फ्युएल सेलने आपलं एका चालीने, बैलगाडीच्या बैलासारखं चालत राहायचं, धावपळ साठवणीने करायची. असं केलं की कॉम्प्रेसरला अचानक दचकवावं लागत नाही, मेम्ब्रेन क्षणात ओलं क्षणात कोरडं होत नाही, रेडिएटरही सरासरी उष्णतेपुरताच लागतो. डिझाइनचा वेग ताशी ३०० किमी, हे आकडे गाडी कंपनीचे नसून विद्यार्थ्यांचे आहेत.

त्याच डेल्फ्टमध्ये अगदी उलट्या स्वभावाची दुसरी टीम आहे, ‘इको-रनर’. यांना वेगाशी देणंघेणं नाही, कमीत कमी हायड्रोजनमध्ये जास्तीत जास्त लांब जायचं. २०२३ च्या जूनमध्ये जर्मनीतल्या इमेंडिंगनच्या टेस्ट ट्रॅकवर त्यांची गाडी ९५० ग्रॅम हायड्रोजनवर २,४८८ किमी गेली. एक किलोसुद्धा नाही! पुण्याहून दिल्लीला जायचं आणि परत येताना इंदूर ओलांडायचं, जवळपास एवढं अंतर झालं हे. तुलनेला टोयोटाची मिराय घ्या, २०२१ ला कॅलिफोर्नियात तिने अगदी जपून चालवून ५.६५ किलोत १,३६० किमीचा विक्रम केला होता, म्हणजे किलोला साधारण २४०. इको-रनरचे किलोला २,६०० च्या वर. अर्थात मिरायमध्ये पाच माणसांची जागा, एसी आणि एअरबॅग असतात, इको-रनर म्हणजे चाकांवरचं अंड्याचं टरफल.

पण वजन आणि आकार एवढंच कारण नाही. मघाशी म्हटलं की सेलचं व्होल्टेज जोरात चालवलं की पडतं. उलट अगदी कमी करंट काढला तर ते वर राहतं, म्हणजे तेवढ्याच हायड्रोजनमधून जास्त वीज आणि कमी उष्णता. पेट्रोल इंजिन हळू चालवलं की त्याची एफिशियन्सी ढासळते, फ्युएल सेलची वाढते, अगदीच रांगत ठेवलं नाही तर. म्हणून मायलेजच्या स्पर्धेत फ्युएल सेल इतकं शोभतं. स्वित्झर्लंडच्या ईटीएच झुरिचने २००५ मध्ये फ्रान्समधल्या लादू इथे ‘पॅक-कार २’ पळवली, तीन चाकं, वजन तीस किलोच्या आत, आणि हायड्रोजनच्या ऊर्जेचा पेट्रोलमध्ये हिशोब केला तर लिटरला ५,३८५ किमी. या मायलेज स्पर्धांचं मूळ मोठं मजेशीर आहे, १९३९ मध्ये इलिनॉयमधल्या शेलच्या लॅबमधल्या शास्त्रज्ञांनी आपसात पैज लावली होती कोणाची गाडी कमी पेट्रोलमध्ये जास्त जाते, आणि तेव्हा जिंकणारा गेला लिटरला एकवीसेक किमी. आज आपली साधी बाईक त्याच्या दुप्पट-तिप्पट देते.

बरं, स्फोटाचं काय, हे कोणीतरी विचारणारच. हायड्रोजनला वास नाही, ज्वाळा दिवसा दिसत नाही म्हटलं तरी चालेल, हवेत चार टक्के झाला तरी पेटतो आणि त्याला अगदी बारीक ठिणगी पुरते. त्याच्या बाजूने एकच मोठी गोष्ट, तो सगळ्यात हलका असल्यामुळे गळला की सरळ वर पळतो, पेट्रोलच्या वाफेसारखा जमिनीलगत साचून राहत नाही. त्यामुळे छताखाली कोंडू द्यायचा नाही आणि सेन्सरने वास घेतल्याबरोबर व्हॉल्व्ह बंद, हे दोन नियम पाळले की बरंचसं काम होतं. खरी डोकेदुखी जागेची आहे. किलोमागे हायड्रोजनमध्ये ३३ युनिट ऊर्जा, पेट्रोलच्या पावणेतीनपट, पण ७०० बार एवढा प्रचंड दाब देऊनसुद्धा एका लिटरमध्ये मावतो जेमतेम चाळीस ग्रॅम, आणि तो सांभाळायला कार्बन फायबरची टाकी लागते जिच्या वजनाच्या पाच-सहा टक्के गॅस आत असतो. म्हणजे पाच किलो गॅसला नव्वद-शंभर किलोची टाकी.

आणि हेही बोलायला हवं की जगातला बहुतेक हायड्रोजन आज नैसर्गिक वायू आणि कोळशापासून बनतो, कार्बन डायऑक्साइड सोडत. विजेने पाणी फोडून केला तर किलोला पन्नासेक युनिट जातात आणि शेवटी चाकापर्यंत पोचते त्या विजेच्या तिसऱ्या हिस्स्याच्या आसपास, तेच बॅटरी गाडीत पाऊण हिस्सा पोचतो. माझं मत विचाराल तर रोज ऑफिसला जायच्या गाडीसाठी बॅटरीच बरी. जिथे बॅटरीचं वजन झेपत नाही आणि चार्जिंगला थांबायला वेळ नाही, लांब पल्ल्याचे ट्रक, बस, तासन्‌तास चालणाऱ्या रेस, तिथे या खटपटीला अर्थ आहे.

आपल्याकडेही हे काम झालंय, आणि तेही पुण्यात. पाषाण रोडवरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने, आपल्या एनसीएलने, केपीआयटी कंपनीबरोबर फ्युएल सेलचा स्टॅक देशातच तयार केला, २०२० च्या ऑक्टोबरमध्ये तो बसवलेली कार चालवून बघितली आणि ऑगस्ट २०२२ मध्ये पुण्यातच बस दाखवली. डेल्फ्टच्या पोरांपेक्षा यांच्यापुढचं एक गणित जास्त वाईट आहे. ॲसनला बाहेर २० डिग्री असताना ८० डिग्रीच्या पाण्याला ६० डिग्रीचा फरक मिळतो. तीच बस मे महिन्यात नागपूरला नेली की बाहेर ४५, फरक उरला ३५, म्हणजे तेवढीच उष्णता टाकायला रेडिएटर जवळपास पावणेदोनपट लागणार, आणि तो घेऊन वर्धा रोडच्या सिग्नलला गाडी उभी असताना वारा पंख्यानेच ओढायचा, ज्याची वीज परत स्टॅकमधूनच.