आरोग्य कर्मचाऱ्यांमधील बर्नआउट आणि मानसशास्त्रज्ञांची मदत

रुग्णसेवेचा ताण महिनोन्‌महिने साचत गेला की डॉक्टर, परिचारिका, वॉर्डातल्या मावशी-मामा यांचे मन आतून कोळपते. या अवस्थेला बर्नआउट म्हणतात. एका नाइट ड्युटीचा शीण झोप काढली की उतरतो. बर्नआउट रजेनंतरही उतरत नाही. वॉर्डाच्या दारात पाऊल टाकताच पुन्हा जीव नकोसा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिने बर्नआउटला आजार म्हटलेले नाही. कामाच्या न आवरलेल्या ताणातून उद्भवणारी अवस्था म्हटले आहे. मदतीची दिशा यावरूनच ठरते, कारण दुखण्याचे मूळ माणसाइतकेच, कित्येकदा जास्त, ड्युटीच्या तक्त्यात असते.

हा शब्द मानसशास्त्रात आणला तो हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी. न्यूयॉर्कच्या एका मोफत दवाखान्यात राबणाऱ्या स्वयंसेवकांचे आणि स्वतःचेही मन कसे विझत गेले, हे त्यांनी १९७४ मध्ये लिहिले. पुढे क्रिस्टिना मॅस्लॅक आणि सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये २२ विधानांची मापनश्रेणी केली. तिच्यात तीन गोष्टी मोजतात: भावनिक थकवा, रुग्णाबद्दल येणारा कोरडेपणा आणि आपल्या हातून काही भले होत नाही ही भावना. यातला कोरडेपणा बोलण्यात आधी दिसतो. ‘बारा नंबरच्या आजींना चहा हवाय’ म्हणणारी सिस्टर काही महिन्यांनी ‘बारा नंबरचं काय झालं?’ एवढेच विचारते. वाक्यातून आजी निघून गेलेली असते. हा निगरगट्टपणा नव्हे. रोज दुखणारी जागा मनाने बधिर करून घेतलेली असते, आणि हे सांगणारे कोणीतरी तिला भेटायला हवे.

पहिल्या भेटीत मानसशास्त्रज्ञ झोप, भूक, ड्युटीच्या पाळ्या, घरची जबाबदारी यांची चौकशी करतो. हिमोग्लोबिन, थायरॉइड तपासले आहे का, हेही विचारतो, कारण नुसत्या रक्तक्षयानेही माणूस असाच गळून जातो. नैराश्याची लक्षणे वेगळी काढावी लागतात. जीव द्यावासा वाटतो का, हा प्रश्न आडवळणाने नव्हे, सरळ विचारायचा असतो. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. औषधांची गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवले जाते.

खरी अडचण त्याआधीची असते. ‘मॅडम, हे केसपेपरवर येणार नाही ना?’ हा प्रश्न दार लावून घेतल्याबरोबर येतो. ज्या व्हरांड्यातून रोज राउंडला जायचे, त्याच व्हरांड्यात समुपदेशनाच्या खोलीबाहेर बाकावर बसायचे कसे? भारतात मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने गोपनीयतेचा हक्क दिला आहे, पण भीती कायद्याने जात नाही. म्हणून भेटीची जागा वॉर्डापासून लांब आणि वेळ पाळीशी जुळणारी ठेवतात. लंडनमध्ये २००८ पासून डॉक्टरांसाठी स्वतंत्र गोपनीय सेवा चालू आहे. न्यूयॉर्कच्या डॉ. लोर्ना ब्रीन यांनी एप्रिल २०२० मध्ये, कोव्हिडच्या लाटेत, आयुष्य संपवले. उपचार घेतल्याचे उघड झाले तर परवाना जाईल, अशी त्यांना भीती होती, असे कुटुंबीयांनी सांगितले. आरोग्य कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी त्यांच्या नावाचा कायदा अमेरिकेत मार्च २०२२ मध्ये झाला.

एकास-एक उपचारांत बोधात्मक वर्तनोपचार, म्हणजे मनातले विचार तपासून ते आणि वागणे बदलण्याची पद्धत, जास्त वापरला जातो. ‘मी पाच मिनिटं आधी पोचले असते तर पेशंट वाचला असता’ हे वाक्य एखाद्या सिस्टरच्या मनात अडकलेले असते. मानसशास्त्रज्ञ ती रात्र तिच्यासोबत पुन्हा उलगडतो: त्या वेळी हाताशी किती जण होते, किती खाटा भरल्या होत्या, कोणता निर्णय तिच्या हातात होता आणि कोणता नव्हताच. चुकीच्या डोसासारखी खरी चूक घडली असेल तर ती नाकारत नाहीत. चूक आणि माणूस यांची फारकत करतात. चुकीने खचलेल्या अशा डॉक्टर-परिचारिकांना अमेरिकी डॉक्टर अल्बर्ट वू यांनी २००० मध्ये ‘दुसरा बळी’ म्हटले; पहिला बळी रुग्ण.

गटातले बोलणेही मोलाचे ठरते. लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये मायकेल आणि एनिड बॅलिंट यांनी १९५० च्या दशकात डॉक्टरांचे गट सुरू केले. तिथे निदानाऐवजी ‘हा रुग्ण मला का छळतो’ यावर बोलत. आपल्याकडे असा गट दुपारच्या हँडओव्हरनंतर अर्धा तास बसवता येतो. मात्र त्यात विभागप्रमुख बसले की हाऊसमन ‘सगळं ठीक आहे सर’ एवढेच म्हणणार. मावशींना वगळूनही चालणार नाही. मृतदेह बांधतात त्याच. एक सावधगिरी हवी: भीषण प्रसंगानंतर सर्वांना सक्तीने एकदाच बसवून सगळे वदवून घेण्याची पद्धत आघातोत्तर ताणविकार टाळते असे संशोधनात दिसलेले नाही, उलट काहींना त्याचा त्रासच होतो. आधी पाणी, झोप, घरी सोडायला सोबत; बोलणे ज्याच्या त्याच्या इच्छेने.

इतके करूनही माणसाला त्याच ३६ तासांच्या ड्युटीवर परत पाठवले तर उपचार वाया जातात. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातील २०१६ च्या आढाव्यात डॉक्टरांच्या वैयक्तिक आणि संस्थात्मक अशा दोन्ही उपायांनंतर बर्नआउटचे प्रमाण ५४ टक्क्यांवरून ४४ टक्क्यांवर आल्याचे दिसले. म्हणून मानसशास्त्रज्ञाने नावे न सांगता, वॉर्डनिहाय चित्र प्रशासनापुढे ठेवणे हेही त्याचे कामच आहे: कोणत्या पाळीला माणसे कमी, कुठे नातेवाइकांची मारहाण वारंवार, कुठे सिस्टरांना जेवायलाही खोली नाही. निवासी डॉक्टरांसाठी आठवड्याला ४८ तासांची सर्वसाधारण मर्यादा केंद्राने १९९२ मध्येच घातली होती. मार्ड या निवासी डॉक्टरांच्या संघटनेच्या निवेदनांत कामाच्या तासांचा प्रश्न आजही असतो.

गावोगाव एकट्याने फिरणाऱ्या आशाताईंना गट नाही, ड्युटीरूम नाही. त्यांना फोनवर मदत पोचवणे जास्त जमते. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली टेली-मानस ही मोफत सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते, आणि तिथे मराठीत बोलता येते.