ई-पीक पाहणीत आंतरपिकाची नोंद कशी करायची?

उसात कांदा, फ्लॉवर नाहीतर कोथिंबीर घेणारे शेतकरी पुष्कळ. उसाचे पैसे हातात यायला वर्ष उलटतं, तोवर मशागतीचा आणि खताचा खर्च ही भाजीच काढून देते. पण सातबारा काढून बघा, पिकांच्या रकान्यात नुसता ऊस. भाजी शेतात होती, बाजारात गेली, तिची पट्टीही झाली, कागदावर मात्र ती उगवलीच नाही.

याचा फटका २०२३ मध्ये अनेकांना बसला. १ फेब्रुवारी ते ३१ मार्चदरम्यान विकलेल्या लाल कांद्याला राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपये, शेतकऱ्यामागे २०० क्विंटलपर्यंत अनुदान जाहीर केलं. विक्रीच्या पट्टीसोबत कांद्याची नोंद असलेला सातबारा हवा होता. नोंद नसलेल्यांसाठी मग गावपातळीवरच्या समितीच्या तपासणीची वाट काढावी लागली. मोबाइलवर दहा मिनिटांत होणारं काम राहिलं की असे हेलपाटे पडतात.

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर पेरा नोंदवण्याचं काम ‘ई-पीक पाहणी’ या सरकारी मोबाइल अ‍ॅपमुळे खातेदाराच्याच हाती आलं आहे. सातबाऱ्यावर नाव असलेला कोणीही खातेदार नोंद करू शकतो. सामाईक खात्यात प्रत्येकाने आपापल्या वहिवाटीपुरती करायची, अल्पवयीन खातेदाराची पालकाने. बटईने कसणाऱ्याचं मात्र इथे अडतं, कारण नोंद लागते ती खातेदाराच्याच नावे. म्हणून भाजी बटईदाराची असली तरी ती नोंदवायला मालकाला सांगून ठेवा.

फी नाही, कागद जोडायचे नाहीत. आठ-अ (खात्याचा उतारा) आणि सातबारा जवळ असला की खाते क्रमांक, गट क्रमांक आणि क्षेत्र शोधत बसावं लागत नाही. फोन स्वतःचाच हवा असंही नाही, एका मोबाइलवरून घरातल्या सगळ्यांच्या नोंदी होतात.

अ‍ॅपमध्ये विभाग, जिल्हा, तालुका, गाव निवडून नाव शोधलं की पीक माहिती भरायचं पान येतं. खाते, गट आणि हंगाम निवडून झाल्यावर पिकाचा वर्ग विचारला जातो, आणि नव्वद टक्के चूक इथेच होते असं माझं मत आहे. घाईघाईत ‘निर्भेळ पीक’, म्हणजे एकच पीक, दाबलं जातं. आंतरपीक असेल तर ‘मिश्र पीक’ निवडायचं. तिथे एक मुख्य आणि तीनपर्यंत दुय्यम पिकं नोंदवता येतात, प्रत्येकाचं क्षेत्र वेगळं.

क्षेत्राचा हिशेब आधी कागदावर करून घ्या. एकरभर रानात, म्हणजे ४० गुंठ्यांत, तुरीच्या एका ओळीला भेंडीच्या तीन ओळी असतील आणि ओळींतलं अंतर सारखं असेल, तर भेंडी ३० गुंठे आणि तूर १० गुंठे. अ‍ॅपमध्ये हेच ०.३० आणि ०.१० हेक्टर. दोन्ही पिकांना पुरे ४० गुंठे लावले तर बेरीज गटाबाहेर जाते. उसाचंही तसंच. सगळं क्षेत्र आधी उसाला देऊन टाकलं की कांद्याला शिल्लकच राहत नाही. पिकाचा विमा भरला असेल तर त्या अर्जातलं पीक आणि क्षेत्र या नोंदीशी जुळवून घ्या, नाहीतर भरपाईच्या वेळी तिढा होतो.

पुढे सिंचनाचं साधन, लागवडीची तारीख आणि फोटो. फोटो गटात उभं राहूनच काढायचा. अ‍ॅप ठिकाण तपासतं, घरच्या ओट्यावरून जमत नाही. बांधावरून काढलेल्या फोटोत उंच पीकच दिसतं, म्हणून सरीत उतरून, वाकून, दोन्ही पिकं एका चौकटीत घ्या.

वेळेचं गणित भाजीवाल्यांना जास्त जाचतं. शेतकऱ्यांसाठी खरिपाची नोंदणी साधारण १ ऑगस्टला आणि रब्बीची १ डिसेंबरला सुरू होते, पुढे सुमारे दीड महिना चालते. मेथी महिन्याभरात काढायला येते, कोथिंबीर चाळीस-पंचेचाळीस दिवसांत. शेवटच्या तारखेची वाट बघाल तर फोटोला पेंढी उरणार नाही. राहिलेल्या गटांची नोंद पुढे गावात नेमलेले सहायक करतात हे खरं, पण ते शेतात येतील तेव्हा जे उभं असेल तेच नोंदवणार. भाजी निघाली असेल तर पुन्हा नुसता ऊस.

नोंद पाठवल्यावर ४८ तासांत एकदा दुरुस्ती करता येते. त्याच दिवशी भरलेली माहिती उघडून दुय्यम पिकाचं नाव आणि क्षेत्र वाचा. कोबीच्या जागी फ्लॉवर निवडला जाणं फार सोपं आहे. काही दिवसांनी ‘आपली चावडी’ या सरकारी संकेतस्थळावर गाव नमुना १२ मध्येही, म्हणजे सातबाऱ्याच्या पिकांच्या भागात, दोन्ही पिकं आली का ते बघा. मुदत उलटल्यावर चूक सापडली, तर फोटो आणि विक्रीच्या पट्ट्या घेऊन ग्राम महसूल अधिकाऱ्यांना, म्हणजे आपल्या जुन्या तलाठ्यांना, गाठावं लागतं.