पटकीचं विष: मूळ मालक जीवाणू नव्हे, फेज

फेज म्हणजे जीवाणूंना ग्रासणारा विषाणू. भारतात त्याची ओळख झाली ती कॉलऱ्याच्या, म्हणजे पटकीच्या, जीवाणूचा शत्रू म्हणून. त्याच जीवाणूचं प्राणघातक विष एका फेजनेच त्याला बहाल केलंय, हे कळायला 1996 साल उजाडलं. मधल्या काळात जीवाणूंच्या आनुवंशिकीचं बरंचसं शास्त्र उभं राहिलं.

आग्र्याला सरकारी रसायन परीक्षक असलेल्या अर्नेस्ट हॅन्किनने 1896 मध्ये लिहिलं की गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जीवाणू काही तासांत मरतात, पण पाणी उकळलं की तो गुण जातो. फेजचा पहिला शोध म्हणून हे आजही व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतं. मला ते पटत नाही. हवाबंद नळीत तापवलेल्या पाण्याचा गुण टिकतो, हेही त्यानेच नोंदवलंय, आणि फेज तेवढी उष्णता सोसत नाही. हॅन्किनचा स्वतःचा अंदाज कुठल्याशा उडून जाणाऱ्या द्रव्याचा होता.

फेजचा खरा शोध लंडनच्या फ्रेडरिक ट्वॉर्टचा (1915) आणि पॅरिसच्या फेलिक्स द'एरेलचा (1917). द'एरेल 1927 मध्ये भारतात आला आणि त्याने कॉलऱ्याच्या रुग्णांना फेज पाजून पाहिला. त्यानंतर आसामात नौगाव जिल्ह्यात फेज वाटला गेला, हबीगंजात तुलनेसाठी नाही. नौगावचे आकडे आशादायक वाटले, पण प्रयोग काटेकोर नव्हता.

या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर फेजचं एकच रूप होतं. तो जीवाणूला चिकटतो, आपला डीएनए आत सोडतो, यजमानाच्याच यंत्रणेकडून स्वतःच्या प्रती काढून घेतो आणि शेवटी त्याला फोडून बाहेर पडतो. हे लायटिक चक्र. काही जीवाणूंच्या वाढीत मात्र बाहेरून संसर्ग न होताच मधूनच फेज सापडत. बऱ्याच जणांनी ते नमुना दूषित झाल्याचं लक्षण मानून सोडून दिलं.

पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटच्या माळ्यावर आंद्रे ल्वॉफने याचा छडा लावला. त्याने बॅसिलस मेगाटेरियमची एकच पेशी एका सूक्ष्म थेंबात ठेवली. तिचं विभाजन झालं की एक पेशी काढून घ्यायची, थेंबातला द्रव तपासायचा, की पुन्हा वाट पाहायची. पिढ्यांमागून पिढ्या गेल्या तरी द्रवात फेज नाही. मग एखादी पेशी अचानक फुटे, आणि थेंब फेजने भरून जाई. म्हणजे फेज आतच, सुप्त स्वरूपात, वारशाने पुढे चालला होता. 1950 मध्ये ल्वॉफच्या गटाने दाखवलं की अतिनील किरणांचा झोत पडला की झोपलेला हा ‘प्रोफेज’ जागा होतो. हे लायसोजेनिक चक्र.

वर्षभरात सिअ‍ॅटलच्या व्हिक्टर फ्रीमनने पुढची पायरी गाठली. घटसर्पाचा निरुपद्रवी जीवाणू फेज आत शिरताच विष बनवू लागला. यजमानाचा स्वभाव पालटून टाकणाऱ्या फेजचं इतकं ठळक उदाहरण समोर असूनही कॉलऱ्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. कसं जाणार? कॉलऱ्याचं विष तेव्हा सिद्धच झालेलं नव्हतं. ते 1959 मध्ये कोलकात्यात शंभूनाथ डे यांनी दाखवलं. सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्ही बाजूंनी बांधून त्यात जीवाणू गाळून काढलेला द्रव सोडला, तर आतडं पाण्याने टम्म फुगलं. जीवाणू नव्हता, तरी रोगाचं मुख्य लक्षण होतं. देशात या माणसाची म्हणावी तशी कदर झाली नाही. नोबेलसाठी त्यांचं नाव पुढे केलं ते अमेरिकेच्या जोशुआ लेडरबर्गने.

याच लेडरबर्गने 1952 मध्ये गुणसूत्राबाहेर राहून वारशाने चालणाऱ्या घटकांना ‘प्लाझ्मिड’ हे नाव दिलं. पुढे जपानात एकाच वेळी अनेक औषधांना न जुमानणारे आमांशाचे जीवाणू आढळले, आणि हा गुण एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे थेट जातो हे 1959 च्या सुमारास स्पष्ट झालं. हा गुण वाहून नेणारा प्लाझ्मिड तेव्हापासून डॉक्टरांच्याही काळजीचा विषय झाला.

1996 मध्ये बॉस्टनच्या मॅथ्यू वॉल्डर आणि जॉन मेकॅलॅनॉस यांनी कॉलऱ्याच्या विषाच्या जनुकांजवळ कॅनामायसिन या प्रतिजैविकाला दाद न देणारं जनुक बसवून खूण केली. तो गुण दुसऱ्या जीवाणूंत उतरला, तोही जीवाणूविरहित गाळलेल्या द्रवातून! वाहक होता दोऱ्यासारखा एक फेज, सीटीएक्स-फाय. तो यजमानाला फोडत नाही. गुणसूत्रात शिरून बसतो किंवा प्लाझ्मिडसारखा सुटा राहतो, आणि पेशीच्या विष सोडण्याच्या वाटेनेच बाहेर पडतो. आत शिरण्यासाठी त्याला जीवाणूवरचा एक केसासारखा धागा लागतो. आतड्याला चिकटून राहायला जीवाणूलाही तोच लागतो. त्यामुळे उंदराच्या आतड्यात ही देवाणघेवाण प्रयोगशाळेपेक्षा कितीतरी जोरात झाली.

लस बनवणाऱ्यांना हे लगेच लक्षात घ्यावं लागलं. जिवंत जीवाणूच्या लशीतून विषाचं जनुक कापून टाकलं, तरी बाहेरून आलेला फेज ते परत आणून बसवू शकतो. म्हणून पेरू-15 या लशीच्या जीवाणूतून फेज जिथे जोडला जातो ती जागाही काढून टाकली.