न्यूयॉर्क सबवेचा लाल सिग्नल : विलंबामागची शंभर वर्षे

मुंबईत ‘सबवे’ म्हटले की पावसात तुंबणारा मिलन किंवा अंधेरीचा सबवे डोळ्यांपुढे येतो. न्यूयॉर्कमध्ये त्याच शब्दाने ४७२ स्थानकांची, रात्रंदिवस चालणारी आणि बऱ्याच ठिकाणी चक्क जमिनीच्या वरून धावणारी शहर-रेल्वे ओळखली जाते. ‘सिग्नल यंत्रणेत बिघाड’ हे शब्द मात्र दोन्ही शहरांतल्या प्रवाशांना तोंडपाठ आहेत. न्यूयॉर्कपुरते सांगायचे तर या बिघाडाचे मूळ यंत्रणेच्या नुसत्या वयात नाही. ती मुळात कशासाठी घडवली होती आणि तिच्यावरचा खर्च पिढ्यानपिढ्या कसा पुढे ढकलला गेला, या दोन गोष्टींत ते आहे.

१८७२ साली विल्यम रॉबिन्सन या अमेरिकी अभियंत्याने ट्रॅक सर्किटचे पेटंट घेतले. कल्पना साधी होती. रुळांचे ठरावीक लांबीचे टप्पे, म्हणजे ब्लॉक, पाडायचे आणि प्रत्येक टप्प्यातल्या दोन्ही रुळांतून हलका विद्युतप्रवाह सोडून पलीकडचा रिले, म्हणजे विजेवर चालणारा खटका, उचललेला ठेवायचा. गाडी त्या टप्प्यात शिरली की तिची चाके आणि आस दोन्ही रूळ जोडतात, प्रवाह रिलेपर्यंत पोहोचत नाही, रिले खाली पडतो आणि मागचा सिग्नल लाल होतो. यातली खरी हुशारी अशी, की तार तुटली, रुळाला तडा गेला किंवा बोगद्यात पाणी साचले तरी रिले पडतोच आणि सिग्नल लालच होतो. बिघडायचेच असेल तर गाडी थांबवण्याच्या बाजूने बिघडावे, हे या यंत्रणेचे पहिले तत्त्व आहे. त्यामुळे गंजलेली जोडणी आणि पुढे उभी असलेली गाडी यांतला फरक तिला कळत नाही. तो माणसाने जाऊन शोधावा लागतो. तोवर मागच्या गाड्या एकामागे एक खोळंबतात आणि परवानगी घेऊन सरकल्या तरी मुंगीच्या पावलांनी सरकतात.

न्यूयॉर्कचा पहिला भुयारी मार्ग २७ ऑक्टोबर १९०४ रोजी सुरू झाला, तेव्हाच हे तंत्र तिथे वापरात होते. त्याच्या जोडीला रुळाशेजारी एक आखूड दांडा बसवलेला असे. सिग्नल लाल असताना तो वर उठलेला असतो. मोटरमनने सिग्नल ओलांडलाच तर गाडीखालचा खटका त्याला आपटतो, ब्रेकच्या नळीतली हवा सुटते आणि गाडी आपोआप थांबते. त्या काळात हे सर्व अत्याधुनिक होते, आणि दांड्याची ही रचना आजही बऱ्याच मार्गांवर तशीच काम करते आहे.

पुढची गोष्ट पैशाची आहे. १९०४ ते १९४८ अशी ४४ वर्षे तिकीट पाच सेंटच राहिले. दोन खाजगी कंपन्या आणि १९३२ पासून शहराने स्वतः चालवलेला तिसरा विभाग, असे हे तीन संसार १९४० मध्ये एकत्र आले, पण प्रत्येकाचे डबे, मापे आणि सवयी वेगळ्याच होत्या. १९७५ च्या सुमारास शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आले आणि देखभाल लांबणीवर टाकणे हाच कारभार झाला. १९८२ मध्ये नूतनीकरणाचा पहिला मोठा भांडवली कार्यक्रम आला खरा. पण खिळखिळे डबे, रंगवून विद्रूप केलेल्या गाड्या आणि झिजलेले रूळ यांची निकड समोर दिसत होती. रिलेची खोली कोणा मतदाराला दिसत नाही. सिग्नल मागे पडले, याचे मला तरी आश्चर्य वाटत नाही.

मागे पडले म्हणजे किती, हे एमटीए या परिवहन प्राधिकरणाने २०१५ मध्ये स्वतःच प्रसिद्ध केलेल्या चित्रफितीत पाहायला मिळते. वेस्ट फोर्थ स्ट्रीट स्थानकाच्या केबिनमध्ये १९३० च्या दशकातली लिव्हर हाताने ओढून सांधे बदलले जात होते, तारांवर कापडी आवरण होते आणि सुटे भाग बाजारात मिळत नसल्यामुळे ते प्राधिकरणाच्याच कारखान्यात घडवावे लागत होते. त्याच्या दहा वर्षे आधी, २३ जानेवारी २००५ रोजी, चेंबर्स स्ट्रीटजवळच्या रिले खोलीला आग लागली, तेव्हा ‘ए’ आणि ‘सी’ या अक्षरांनी ओळखले जाणारे मार्ग पूर्ववत व्हायला तीन ते पाच वर्षे लागतील, असे अधिकाऱ्यांनी आधी सांगून टाकले. प्रत्यक्षात तात्पुरत्या जोडण्या करून काही दिवसांतच बरीचशी सेवा सुरू झाली. तरीही तो पहिला अंदाज तज्ज्ञ अधिकाऱ्यांच्याच तोंडून आला होता, हे विसरता येत नाही.

विलंबाचे दुसरे कारण बिघाड नव्हे, तर मुद्दाम आणलेला संथपणा आहे. ५ जून १९९५ रोजी पहाटे विल्यम्सबर्ग पुलावर ‘जे’ मार्गाच्या गाडीने लाल सिग्नल ओलांडला. दांड्याने आपले काम केले, ब्रेक लागले, आणि तरीही ती पुढे उभ्या असलेल्या ‘एम’ मार्गाच्या गाडीवर आदळली. मोटरमनचा मृत्यू झाला. चौकशीत असे निघाले, की तिथली सिग्नलमधली अंतरे १९१८ सालच्या हलक्या, आखूड आणि कमी वेगाच्या गाड्यांना पुरणारी होती. अंतरे बदलायची तर सगळी यंत्रणाच उकलावी लागली असती, म्हणून गाड्यांचा वेग घटवला गेला आणि ठिकठिकाणी वेळमापक सिग्नल बसवले गेले. हा सिग्नल लाल असतो आणि गाडीने ठरलेल्या टप्प्यासाठी किमान ठरलेला वेळ घेतला तरच, अगदी तोंडाशी आल्यावर, उघडतो. जरा घाई झाली तर ब्रेक लागतात आणि मोटरमनवर कारवाई ओढवते. मग तो पाटीवरच्या मर्यादेपेक्षाही हळू जातो. त्याला दोष कसा द्यावा? २०१८ मध्ये अँडी बायफर्ड हे सबवेचे प्रमुख झाल्यावर या सिग्नलांची तपासणी झाली, तेव्हा त्यांतले कित्येक चुकीचे लावलेले असून पाटीवर लिहिलेल्या वेगानेही गाडी जाऊ देत नव्हते, असे आढळले.

उपाय ठाऊक नव्हता, असे नाही. २८ ऑगस्ट १९९१ रोजी युनियन स्क्वेअरजवळ मद्यधुंद मोटरमनची भरधाव गाडी घसरून पाच जण दगावले, त्यानंतर सीबीटीसी, म्हणजे संपर्काधारित गाडी-नियंत्रण, या पद्धतीचा विचार पक्का झाला. तीत गाडी आपले नेमके स्थान रेडिओवरून सतत कळवते. अख्खा ब्लॉक राखून ठेवावा लागत नाही, गाड्या जवळजवळ चालवता येतात आणि वेगावर संगणकाचा लगाम राहतो. एल मार्गाचे कंत्राट १९९९ मध्ये दिले गेले आणि पद्धत पूर्णपणे रुळायला जवळजवळ दशक लागले. ७ क्रमांकाचा मार्ग २०१८ च्या नोव्हेंबरात पूर्ण झाला. हे दोन्ही मार्ग इतरांपासून अलग आहेत, म्हणूनच आधी निवडले गेले. बाकीच्या मार्गांवर तीन-चार प्रकारच्या गाड्या एकच रूळ वाटून घेतात आणि त्या सगळ्यांतच नवी सामग्री बसवावी लागते. शिवाय इथे रात्री सेवा थांबत नाही, त्यामुळे आपल्याकडचा रविवारचा मेगाब्लॉक तिथे तुकड्यातुकड्याने, रात्री आणि शनिवार-रविवारी, वर्षानुवर्षे घ्यावा लागतो. मुंबईच्या मेट्रो-३ ला हीच पद्धत पहिल्या दिवसापासून मिळाली. तिथे जुने काही उखडायचे नव्हते.

२०१७ च्या उन्हाळ्यात वक्तशीरपणा इतका ढासळला, की २९ जूनला राज्यपाल अँड्र्यू कुओमो यांनी आणीबाणी जाहीर केली. निमित्त ठरलेला दोन दिवस आधीचा अपघात मात्र सिग्नलमुळे नव्हे, तर रुळांमध्ये सुट्या ठेवलेल्या रुळाच्या तुकड्यामुळे झाला होता. सिग्नलचा प्रश्न त्यानंतर प्रथमच राजकारणाच्या मध्यावर आला. मॅनहॅटनच्या गजबजलेल्या भागात शिरणाऱ्या मोटारींवर शुल्क लावून १५ अब्ज डॉलर उभारायचे आणि त्यातला मोठा वाटा सिग्नलवर खर्चायचा, असे २०१९ च्या कायद्याने ठरले. जून २०२४ मध्ये राज्यपाल कॅथी होकल यांनी ते शुल्क ऐनवेळी रोखले, तेव्हा लांबणीवर पडलेल्या कामांत ब्रुकलिनमधल्या ए आणि सी मार्गांचे, १९३६ मध्ये उघडलेल्या फुल्टन स्ट्रीट मार्गिकेवरचे सिग्नल होते. ५ जानेवारी २०२५ पासून मोटारीमागे नऊ डॉलर शुल्क सुरू झाले आणि या कामांसाठीचा पैशाचा मार्ग पुन्हा मोकळा झाला.