कॉल ट्रेसमधलं प्रश्नचिन्ह म्हणजे गुन्हेगार नव्हे
लिनक्स कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) कोसळला की कॉल ट्रेसमध्ये, म्हणजे कोणत्या फंक्शनने कोणतं बोलावलं याच्या यादीत, काही फंक्शनांआधी प्रश्नचिन्ह दिसतं. ‘गडबड इथेच’ हा त्याचा सर्रास लावला जाणारा अर्थ साफ चुकीचा आहे.

एक्स८६-६४ (इंटेल-एएमडीचे ६४-बिट प्रोसेसर) वर थ्रेडचा, म्हणजे चालू कामाच्या एका धाग्याचा, कर्नल स्टॅक साधारणपणे १६ केबीचा; फंक्शन संपल्यावर कुठे परतायचं ते पत्ते यात असतात. कर्नल तो चाळताना कोडच्या पत्त्यासारखं दिसेल ते छापतो. अनवाइंडरच्या (स्टॅकवरून कॉलचा क्रम उलगडणाऱ्या कोडच्या) साखळीत न बसणाऱ्या पत्त्याला प्रश्नचिन्ह लागतं. बहुतेकदा तो आधीच संपलेल्या कॉलचा उरलेला पत्ता असतो, कारण नवी फ्रेम (स्टॅकमधला नव्या कॉलचा हिस्सा) जागा घेते, पण तिथलं सगळं पुसत नाही.

आधी बिनचिन्हाच्या ओळी वाचा; सर्वांत वरचं फंक्शन सर्वांत आतलं. बाकीच्या मात्र फेकू नका. अनवाइंडर मध्येच अडकला, तर पुढच्या खऱ्या कॉलवरही प्रश्नचिन्हच येतं.